हवेतली बुरशी: संग्रहालय जे जपतं, ते आपण घरी कसं जपायचं?

रायपूरच्या सिव्हिल लाइन्समधलं महंत घासीदास स्मारक संग्रहालय तुम्ही पाहिलं असेल, तर सिरपूरच्या कांस्यमूर्ती नक्कीच आठवत असतील. त्याच संग्रहालयाच्या संग्रहात एक लाकडी खांब आहे. दिसायला जुनाट आणि तडकलेला, पण त्याची गोष्ट घरात जुना अल्बम किंवा पोथी असलेल्या प्रत्येकाने ऐकावी अशी आहे.

१९२१ सालच्या उन्हाळ्यात, तेव्हाच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या किरारी गावचा हीराबांध तलाव आटला. गाळ काढताना शेतकऱ्यांना चिखलात हा खांब सापडला. त्यावर ब्राह्मी लिपीत अक्षरं कोरलेली होती. अक्षरांच्या वळणावरून अभ्यासक तो इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला मानतात. एवढा जुना, लेख कोरलेला लाकडी खांब भारतात फार दुर्मीळ आहे.

खांब बाहेर काढला आणि उन्हात राहिला. ओलं लाकूड भराभर वाळलं, त्याला भेगा पडल्या, वरचे पापुद्रे सुटले आणि त्यांच्यासोबत बहुतेक अक्षरंही गेली. सुदैवाने पंडित लक्ष्मीप्रसाद उपाध्याय यांनी ती पुसली जाण्याआधी, जशी दिसली तशी, कागदावर उतरवून घेतली होती. पुढे पुरातत्त्वज्ञ हीरानंद शास्त्री यांनी हा लेख प्रसिद्ध केला. त्या काळचे नगररक्षक, सेनापती, भांडारप्रमुख, इतकंच काय तर राजाच्या मुदपाकखान्याचा प्रमुख अशा अधिकाऱ्यांची पदं आज आपल्याला माहीत आहेत, ती मुख्यतः त्या एका नकलेमुळे.

आता विचार करा. जे लाकूड पाण्याखालच्या चिखलात शेकडो वर्षं टिकलं, ते आपल्या हवेत आल्यावर इतक्या लवकर का बिघडलं? याचं उत्तर समजलं, की पावसाळ्यात आपल्या कपाटातल्या पैठणीवर, लग्नाच्या अल्बमवर आणि आजोबांच्या पुस्तकांवर पांढरी-हिरवी बुरशी का येते, तेही समजतं. आणि मुख्य म्हणजे, ती रोखायची कशी हेही कळतं.

चिखलात सुरक्षित, हवेत असुरक्षित

लाकूड, कागद, सुती कापड या सगळ्यांचा मुख्य घटक एकच, सेल्युलोज. बुरशीला ते फार आवडतं. ती आपल्यासारखी चावून खात नाही. ती पाचक रस बाहेर सोडते, सेल्युलोज विरघळवते आणि मग शोषून घेते. म्हणूनच बुरशी लागलेलं पान हातात घेतलं की भुसभुशीत लागतं.

पण यासाठी बुरशीला दोन गोष्टी लागतात, ओलावा आणि हवेतला ऑक्सिजन. तलावाच्या तळाशी, दाट चिखलात ओलावा भरपूर होता, पण ऑक्सिजन जवळजवळ नव्हता. त्यामुळे लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचं तिथे काही चाललं नाही. लाकडाच्या पेशी पाण्याने भरलेल्या असल्याने त्याचा आकारही टिकून राहिला. बाहेर आल्यावर मात्र पाणी झपाट्याने उडालं, पेशी आक्रसल्या आणि लाकूड फाटलं.

स्वीडनचं ‘वासा’ हे जहाज १६२८ मध्ये बुडालं आणि १९६१ मध्ये पाण्यातून वर काढलं. तिथल्या तज्ज्ञांनी ते उन्हात वाळू दिलं नाही. त्यावर तब्बल १७ वर्षं मेणासारख्या एका द्रव्याची फवारणी केली. त्या द्रव्याने पेशींमधल्या पाण्याची जागा हळूहळू घेतली आणि मगच जहाज वाळवलं. आज ते स्टॉकहोमच्या संग्रहालयात उभं आहे.

म्हणजे जुन्या वस्तूचे शत्रू दोन. एक, टिकून राहिलेली ओल, कारण त्यात बुरशी वाढते. दुसरा, अचानक झालेला बदल. ओल गेली पाहिजे हे खरं, पण ती हळूहळू गेली पाहिजे.

बुरशी येते कुठून?

बुरशी बाहेरून कुठून तरी ‘येते’ असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती आधीपासूनच घरात असते, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या रूपात. बुरशीचे बीजाणू म्हणजे तिच्या बिया समजा. ते इतके लहान असतात की अनेक जातींचे बीजाणू एका केसाच्या जाडीत वीस-पंचवीस सहज मावतील. वारा, धूळ, कपडे, चपला, पंखा, कशावरूनही ते फिरतात. तुम्ही हे वाचत असताना घेतलेल्या श्वासातही काही असतील.

छत्तीसगडला ‘धान का कटोरा’ म्हणतात. शेतातला पेंढा, ज्याला इथे पैरा म्हणतात, कुजणारा पालापाचोळा, ओली माती, कचऱ्याचे ढीग, या सगळ्यांवर बुरशी वाढते आणि तिचे बीजाणू हवेत मिसळतात. क्लॅडोस्पोरियम, अ‍ॅस्परजिलस, पेनिसिलियम, अल्टरनेरिया ही नावं हवेतल्या बुरशीच्या जगभरातल्या अभ्यासांत वारंवार दिसतात. रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठातल्या अभ्यासकांनीही इथल्या हवेतल्या बुरशीवर काम केलेलं आहे.

हे अदृश्य बीजाणू मोजतात कसे? सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे बुरशीला खायला घालणं. काचेच्या चपट्या बशीत पोषक जेली ओततात आणि ती बशी खोलीत काही मिनिटं उघडी ठेवतात. हवेतले बीजाणू तिच्यावर पडतात. बशी झाकून उबदार जागी ठेवली, की काही दिवसांत प्रत्येक बीजाणूच्या जागी एक छोटं वर्तुळ उगवतं. कुठे हिरवं, कुठे काळं, कुठे कापसासारखं पांढरं. ती वर्तुळं मोजायची आणि ओळखायची. १९२८ मध्ये लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या अशाच एका बशीवर भरकटलेली बुरशी उगवली आणि त्यातून पुढे पेनिसिलीन मिळालं.

याच क्षेत्रात एका मराठी शास्त्रज्ञाचं मोठं नाव आहे. मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. एस. टी. टिळक यांनी हवेतले कण गोळा करण्याचं एक यंत्र तयार केलं. ते ‘टिळक एअर सॅम्पलर’ म्हणूनच ओळखलं जातं. आत एक ढोलासारखी चकती हळूहळू फिरते, तिच्यावर चिकट पट्टी असते आणि आत ओढलेल्या हवेतले बीजाणू त्या पट्टीला चिकटतात. सलग आठ दिवस हवेची नोंद त्यावर ठेवता येते. मग सूक्ष्मदर्शकाखाली पट्टी वाचायची, एखाद्या रोजनिशीसारखी. टिळक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात अजिंठ्याच्या लेण्यांच्या आतल्या आणि बाहेरच्या हवेतले सूक्ष्मजीवही तपासले होते.

अजिंठ्यात हवा तपासायची गरज का पडली?

लेणी दगडाची, मग बुरशी खाते काय, असा प्रश्न तुम्हाला पडेल. अजिंठ्याची चित्रं थेट दगडावर नाहीत. दगडावर आधी मातीचा गिलावा आहे आणि त्यात भाताचं तूस, गवत, वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत. म्हणजे चित्राच्या पाठीमागे बुरशीला आणि किडीला खाण्यासारखं बरंच काही आहे. २०१६ मध्ये राजदेव सिंह आणि डॉ. मिलिंद सरदेसाई या संशोधकांनी वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या जातीच्या झाडाचे तंतू सापडल्याचं दाखवलं. वेरूळच्या गिलाव्याला किडीचा उपद्रव कमी झाला, त्याचं श्रेय त्यांनी या तंतूंना दिलं. जुन्या कारागिरांना गिलाव्यात काय घालावं याची जाण होती, असा याचा अर्थ.

पण माणसांच्या गर्दीची कल्पना त्या कारागिरांना नव्हती. आपण प्रत्येक श्वासासोबत पाण्याची वाफ बाहेर सोडतो, अंगाची ऊब सोडतो, चपलांसोबत धूळ आणतो. बंदिस्त जागेत शेकडो माणसं आली की तिथली हवा दमट होते. म्हणूनच चित्रं असलेल्या लेण्यांत एका वेळी मोजक्याच लोकांना, थोड्या वेळासाठी सोडतात. तिथला पहारेकरी ‘चला, पुढे चला’ म्हणतो तेव्हा राग मानू नका. तो भिंतीला श्वास घ्यायला वेळ देत असतो.

फ्रान्समधल्या लास्को गुहेचं उदाहरण याहून बोलकं आहे. हजारो वर्षांपूर्वीची प्राण्यांची चित्रं असलेली ही गुहा १९४० मध्ये सापडली आणि १९४८ मध्ये लोकांसाठी उघडली. पंधरा वर्षांत भिंतींवर हिरवे थर दिसू लागले. १९६३ मध्ये गुहा बंद करावी लागली. पुढे २००१ मध्ये आत पांढरी बुरशी पसरली. ती मारायला औषधं वापरली, पण नंतर काळे डाग आले. एका जातीला मारणाऱ्या रसायनानंतर दुसऱ्या सूक्ष्मजीवांना वाव मिळाला, असं पुढच्या अभ्यासांतून समोर आलं. आज पर्यटक मूळ गुहा पाहत नाहीत, तिची हुबेहूब प्रतिकृती पाहतात.

यातून जगभरच्या संग्रहालयांनी एक गोष्ट शिकून घेतली. हवेतले बीजाणू संपवता येत नाहीत. आज मारले तर उद्या दाराच्या फटीतून दुसरे येतील. पण बीजाणू जिथे पडतो, ती जागा कोरडी असेल तर तो नुसता धुळीसारखा पडून राहतो. म्हणून लढाई बुरशीशी कमी आणि ओलीशी जास्त.

रायपूरची हवा आणि संग्रहालयाची कसरत

आपलं संग्रहालय राजनांदगावचे राजे महंत घासीदास यांनी १८७५ मध्ये सुरू केलं. देशातल्या जुन्या संग्रहालयांत त्याची गणना होते. आजच्या इमारतीचं उद्घाटन १९५३ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झालं. तिथे दगडी मूर्ती आणि कांस्यमूर्ती आहेत, तशाच आदिवासी जीवनातल्या बांबूच्या, लाकडाच्या, कापडाच्या वस्तूही आहेत. दगडाला बुरशीचा त्रास तुलनेने कमी. पण टोपली, मुखवटा, वस्त्र यांच्या बाबतीत एक पावसाळासुद्धा महागात पडू शकतो.

त्यात रायपूरचं हवामान टोकाचं. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दुपारची हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात. जूनच्या मध्यानंतर पाऊस लागला की ऑगस्टपर्यंत सगळं उलटं. मीठ पाझरतं, बिस्किटं मऊ पडतात, कपाट उघडलं की कुबट वास येतो. लाकूड उन्हाळ्यात आक्रसतं आणि पावसाळ्यात फुगतं. दरवर्षी असं झालं की त्याला भेगा पडतात आणि त्या भेगांत धूळ व बीजाणू साचतात.

हवेतला ओलावा टक्क्यांत मोजतात, त्याला सापेक्ष आर्द्रता म्हणतात. साधारणपणे ती ६५ ते ७० टक्क्यांच्या वर गेली आणि काही दिवस तशीच राहिली, की कागद, कापड, चामड्यावर बुरशी रुजू लागते. म्हणून संग्रहालयं ती ५० टक्क्यांच्या आसपास आणि मुख्य म्हणजे स्थिर ठेवायचा प्रयत्न करतात. काचेच्या पेटीत ओलावा शोषणारं सिलिका जेल ठेवतात. वस्तू भिंतीला टेकवत नाहीत. नवी वस्तू आली की ती आधी वेगळ्या खोलीत ठेवून तपासतात, म्हणजे तिच्यासोबत आलेली कीड किंवा बुरशी इतरांना लागत नाही.

एसी लावला की प्रश्न सुटतो असं नाही. दिवसा एसी चालू आणि रात्री बंद, असं केलं तर गार पडलेल्या वस्तूवर रात्रीच्या दमट हवेतलं पाणी धरतं. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर थेंब येतात, तसंच. त्यापेक्षा साधी, हवेशीर, न गळणारी खोली बरी.

तुमच्या घरातलं संग्रहालय

नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी माणसं छत्तीसगडात आहेत. इथल्या कितीतरी मराठी घरांच्या पेट्यांत मोडी लिपीतली पत्रं, जन्मपत्रिका, नऊवारी शालू, हार्मोनियम, दासबोधाची जुनी प्रत असा ऐवज आहे. रायपूरमध्ये राहिलेल्या माधवराव सप्रे यांनी दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेलं, १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढलं. त्यांच्या काळातले छापील कागद आज शंभर वर्षांचे झाले. तेव्हाचा स्वस्त कागद आम्लयुक्त असल्याने तो आपोआपच पिवळा आणि ठिसूळ होत जातो. त्यात ओल लागली तर विचारायलाच नको.

पोथ्या लिहिणाऱ्या जुन्या लेखकूंना हे चांगलं ठाऊक होतं. अनेक हस्तलिखितांच्या शेवटी पोथीच्या तोंडूनच विनवणी केलेली असते, की मला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून वाचवा. कापडात घट्ट बांधलेल्या पोथीच्या पानांत दमट हवा आणि धूळ कमी शिरते. आजी पोथीच्या रुमालाची गाठ आवळून बांधायची, ती उगाच नाही.

आता आपण काय करू शकतो ते पाहूया. यातल्या बहुतेक गोष्टींना फारसा खर्च नाही.

आर्द्रता मोजा. घरात लावायचा छोटा डिजिटल आर्द्रतामापक काहीशे रुपयांत मिळतो. तो खोलीत नाही, कपाटात ठेवा. आठवडाभर आकडा ६५ च्या वर दिसला, तर कपाटाची जागा बदलण्याची वेळ आली.

कपाट भिंतीपासून सरकवा. बाहेरच्या भिंतीला, बाथरूमच्या भिंतीला किंवा नळाची पाइप जाते त्या भिंतीला चिकटलेलं कपाट सगळ्यात धोक्याचं. मागे चार बोटं तरी जागा सोडा. महत्त्वाच्या वस्तू खालच्या कप्प्यात आणि माळ्यावर ठेवू नका. खाली पाणी शिरतं, वर छत गळतं.

कूलरच्या खोलीत जुन्या वस्तू नकोत. रायपूरच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय चालत नाही हे मान्य. पण कूलर हवेत पाणी मिसळतो. खिडक्या बंद ठेवून कूलर चालवला, तर भर मे महिन्यातही ती खोली पावसाळ्यासारखी दमट होते. खिडकी थोडी उघडी ठेवा, टाकीतलं पाणी वरचेवर बदला आणि कुजलेला वाळा किंवा जाळी दर हंगामाला नवी घाला. ओल्या, मळक्या जाळीतून येणारी हवा बीजाणूही सोबत आणते.

प्लॅस्टिकचा मोह टाळा. साडी किंवा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधले, की आतला ओलावा आतच कोंडतो. जुन्या सुती धोतराचा किंवा मलमलीचा धुतलेला, पूर्ण वाळलेला तुकडा उत्तम. जरीची साडी वर्षातून दोनदा उलगडून घडी बदला.

डांबरगोळ्यांनी बुरशी जात नाही. त्या किडीसाठी असतात. उलट नॅफ्थॅलिनच्या गोळ्यांत ठेवलेले कपडे तान्ह्या बाळाला घालणं धोक्याचं आहे. काही बाळांना जन्मतः जी-सिक्स-पीडी या घटकाची कमतरता असते आणि अशा बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी या वाफेमुळे फुटू शकतात. कडुनिंबाचा पाला, वेखंड, लवंग यांचा उपयोगही किडीला दूर ठेवण्यापुरता समजा. पाला ठेवायचाच तर पूर्ण वाळलेला ठेवा, नाहीतर बुरशीला तुम्हीच ओल पुरवाल.

ओल झाकू नका. भिंतीला ओल आली की हल्ली त्यावर पीव्हीसीचे पॅनेल किंवा वॉलपेपर लावतात. समोरून भिंत छान दिसते, पण मागे बुरशीला अंधार, ओल आणि निवांत जागा मिळते. आधी गळती शोधा, भिंत वाळू द्या, मग सजवा.

ऊन दाखवा, पण वस्तूला नाही, खोलीला. गाद्या, रजया खुशाल कडक उन्हात टाका. अल्बम, पोथी, जुनं लाकूड, रेशीम मात्र उन्हात ठेवू नका. रंग उडतो, कागद वाकडा होतो, लाकूड तडकतं. पाऊस उघडल्यावर कोरड्या दिवशी खिडक्या उघडा, कपाटाची दारं उघडी ठेवा आणि सावलीत, लांबून फिरणाऱ्या पंख्याची हवा लागू द्या.

बुरशी लागलीच तर

घाईने फडकं घेऊन पुसायला जाऊ नका. ओल्या फडक्याने बुरशी कागदात आणखी खोल जाते आणि डाग कायमचा बसतो. फुंकर मारली किंवा घरातच झटकलं तर हजारो बीजाणू हवेत उडतात आणि शेजारच्या पुस्तकांवर बसतात.

आधी ती वस्तू वेगळी करा. कागदी पाकिटात किंवा खोक्यात ठेवा. दोन-चार दिवस कोरड्या, सावलीच्या जागी वाळू द्या. बुरशी वाळली की तिची पूड होते, तेव्हा ती काढणं सोपं जातं. एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला, गच्चीवर किंवा अंगणात जा, वारा तुमच्याकडून पलीकडे जाईल असे उभे राहा आणि मऊ कुंचल्याने एकाच दिशेने हलकेच झाडा. फिनाइल, डेटॉल, अत्तर, तेल, काहीही लावू नका. तपकिरी डाग राहिले तर राहू द्या. डागाने वस्तू मरत नाही, घासण्याने मात्र मरते.

पुस्तक पाण्यात भिजलंच, तर दोन-तीन दिवसांच्या आत हालचाल करा. थोडंच भिजलं असेल तर पानांमध्ये टीपकागद घालून ते पंख्याखाली उभं ठेवा. खूप भिजलं असेल आणि लगेच वाळवता येत नसेल, तर बटर पेपरमध्ये गुंडाळून, पिशवीत घालून घरच्या फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलेल्या पुस्तकावर बुरशी वाढत नाही आणि तुम्हाला वेळ मिळतो. भिजलेले फोटो मात्र एकमेकांना चिकटून वाळू देऊ नका. फोटोच्या वरच्या थरात जिलेटिन असतं. ते ओलं झालं की गोंदासारखं चिकटतं आणि बुरशीलाही आवडतं. ते ओले असतानाच हळूच सुटे करून, चित्राची बाजू वर ठेवून पसरा.

वस्तू फार मोलाची असेल तर स्वतः प्रयोग करू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तू संग्रहालयाचं संवर्धन केंद्र, लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाला, इन्टॅक ही संस्था, अशा ठिकाणी प्रशिक्षित माणसं आहेत. त्यांच्याशी संपर्क साधून सल्ला विचारा.

आणि आपल्या श्वासाचं काय?

बुरशीचं नाव काढलं की २०२१ ची ‘काळी बुरशी’ आठवते आणि छातीत धस्स होतं. तो आजार, म्युकरमायकोसिस, वेगळा. त्यात मृत झालेला शरीराचा भाग काळा पडतो, म्हणून ते नाव पडलं. भिंतीवरचे काळे ठिपके सहसा वेगळ्याच जातींचे असतात. निरोगी माणसाचं शरीर रोजच्या श्वासातले बीजाणू मुकाट्याने निस्तरतं.

पण काळजी घ्यायची ती दमा किंवा अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांची, फुप्फुसांचे जुने आजार असलेल्या ज्येष्ठांची, आणि केमोथेरपी, अवयव प्रत्यारोपण किंवा स्टेरॉइडमुळे प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांची. अ‍ॅस्परजिलसचे बीजाणू इतके बारीक असतात की ते फुप्फुसात खोलवर पोहोचतात. एखाद्या ठरावीक खोलीत गेल्यावरच खोकला, शिंका, डोळ्यांना खाज सुरू होत असेल आणि बाहेर पडल्यावर बरं वाटत असेल, तर त्या खोलीत ओल शोधा आणि डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगा. जुन्या पेटाऱ्याची साफसफाई घरातल्या दमेकरी व्यक्तीने करू नये, मास्क लावूनसुद्धा नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या. हवेत इतके बीजाणू असले तर ठीक, असा कोणताही आकडा त्यात दिलेला नाही. ओल येऊ देऊ नका आणि आली तर दूर करा, एवढंच सांगितलं आहे. संग्रहालयवाले वस्तूंसाठी जे सांगतात, तेच डॉक्टर माणसांसाठी सांगतात.

आधी नक्कल, मग साफसफाई

पाऊस सरल्यावर, दसरा-दिवाळीच्या आवराआवरीत, एक रविवार या कामासाठी राखून ठेवा. तेव्हा रायपूरची हवा कोरडी होऊ लागलेली असते, ना फार ओल ना कडक उन्हाळा. पेटी उघडल्यावर पहिलं काम झाडण्या-पुसण्याचं करू नका. प्रत्येक पत्राचा, फोटोचा, पोथीच्या पानाचा मोबाइलवर सरळ वरून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता फोटो घ्या. तुम्हाला मोडी वाचता येत नसली तरी चालेल. आज नाही तर उद्या, वाचणारं कुणीतरी भेटेल.

घरातल्या थोरांना सोबत बसवा. फोटोतल्या माणसांची नावं, साल, गाव विचारून घ्या आणि ती वेगळ्या वहीत लिहून ठेवा. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, शाई पुढे उमटते. एक प्रत भावंडांनाही पाठवा, म्हणजे एका घरात पाणी शिरलं तरी दुसऱ्या घरात ती राहील.

कागद कधीतरी संपणारच. संग्रहालयंही तो कायमचा टिकवू शकत नाहीत, फक्त त्याचं आयुष्य वाढवतात. पण कागदावर लिहिलेलं टिकवणं आपल्या हातात आहे आणि त्यासाठी तज्ज्ञ असावं लागत नाही. एक मोबाइल, एक वही आणि आजीसोबतची एक दुपार पुरते.